वंशावळीच्या संकेतस्थळावर बाहेरची लिंक घ्यायची की नाही?

स्वयंसेवकांच्या वंशावळ-संकेतस्थळावर नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे बहुतेक वेळा लिंक्सचं पान सोपवतात. दिसेल ती लिंक चिकटवत गेलं की पान फुगतं, आणि पणजीचा जन्म शोधायला आलेला माणूस त्यात हरवतो. मी बरीच वर्षं असं पान सांभाळतो आहे. माझा पहिला प्रश्न ठरलेला: ही लिंक वाचकाला मूळ नोंदीच्या जवळ नेते का?

किती जवळ नेते, तेही त्याला सांगायला हवं. फ्रीबीएमडी घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1837 पासून सुरू झालेल्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदणीची सूची स्वयंसेवकांनी उतरवून तिथे मोफत ठेवली आहे. पण ती सूची आहे, दाखला नव्हे. तिच्यात नाव, तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान मिळतं. दाखला जनरल रजिस्टर ऑफिस या तिथल्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून पैसे भरून मागवावा लागतो. शिवाय तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. नोंदणीला 42 दिवसांची मुदत असल्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. हे सगळं लिंकखाली दोन-तीन ओळींत लिहिलं, तर वाचकाची शोधाशोध वाचते. नुसतं ‘उपयुक्त संकेतस्थळ’ लिहिण्याला काही अर्थ नाही.

कुणीतरी रचलेल्या वंशवृक्षांच्या बाबतीत मी कडक आहे. प्रत्येक पिढीपाशी आधार दिलेला असेल, तरच घ्या. बिनआधाराचं झाड एकाचं दुसऱ्याने उतरवलेलं असतं, आणि एकच चुकीची तारीख दहा ठिकाणी दिसली की लोकांना ती खरी वाटू लागते. हयात माणसांच्या जन्मतारखा उघड्या असतील, तर झाड कितीही चांगलं असो, लिंक देऊ नका. अमेरिकेत जनगणनेतले व्यक्तिगत तपशील 72 वर्षं बंद ठेवतात. 1950 च्या नोंदी 2022 साली खुल्या झाल्या. सरकार इतकं थांबतं, तर आपणही थांबावं.

पैसे घेणारी संकेतस्थळं वर्ज्य नाहीत. कधीकधी हवं ते स्कॅन तिथेच असतं. मात्र ‘सशुल्क’ हा शब्द लिंकच्या शेजारीच हवा, आणि तीच नोंद फॅमिलीसर्चसारख्या ठिकाणी मोफत दिसत असेल तर मोफत लिंक आधी. तिथे खातं उघडावं लागतं, तेही लिहा.

पत्ता नीट घ्या. शोधनिकालाच्या पानाचा लांबलचक पत्ता पुष्कळदा पुढे चालत नाही. त्या संग्रहाच्या स्वतःच्या पानाचा घ्यावा.

मेलेल्या लिंक्स हुडकणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर सगळं सोडू नका. जुनं डोमेन भलत्यानेच विकत घेतलेलं असतं, पान व्यवस्थित उघडतं आणि आत जाहिराती असतात. साधन म्हणतं, लिंक ठीक. म्हणून अधूनमधून प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघा. मूळ मजकूर गेला असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी प्रत मिळते का पाहा, आणि मिळाली तर ती कधीची, हे लिहून तिचीच लिंक द्या.

‘तुमची आम्ही लावतो, आमची तुम्ही लावा’ अशी पत्रं येत राहतील. नकार द्यायचा तर कारण लिहून द्या: कुठल्या नोंदींना आधार नाही, कुठे हयात माणसांचे तपशील दिसतात. आपली पानं दुरुस्त करून पुन्हा विचारणारेही असतात, आणि तेव्हा त्यांची लिंक मी आनंदाने लावतो.