दिव्यांगांसाठी कार्यक्रम ठेवला, पण दिव्यांगच आले नाहीत? या चुका टाळा

३ डिसेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन, जवळ आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत अनेक गृहनिर्माण सोसायट्या, सार्वजनिक मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ जनजागृतीचे कार्यक्रम आखू लागतात. हेतू चांगला असतो, वर्गणीही जमते. परंतु प्रत्यक्ष कार्यक्रमात दिव्यांग रहिवासी एक-दोनच दिसतात आणि मग "त्यांनाच उत्साह नाही" असे म्हटले जाते. हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्यांना येता येईल अशी व्यवस्था नसते म्हणून ते येत नाहीत, आणि ती व्यवस्था नसते कारण आखणीच्या पहिल्या बैठकीला त्यांच्यापैकी कोणालाही बोलावलेले नसते. पुढच्या बहुतेक चुका या एका चुकीतूनच निघतात.

निमंत्रण पोहोचतच नाही

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगीत, सजवलेले निमंत्रण चित्राच्या स्वरूपात टाकले जाते. मोबाइलवरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सुविधेचा आधार घेणाऱ्या अंध रहिवाशाला मात्र बरेचदा "इमेज" एवढाच शब्द ऐकू येतो. तारीख, वेळ, ठिकाण यांतले काहीच कळत नाही. उपाय अगदी साधा आहे. चित्राखाली तोच मजकूर टाइप करावा आणि त्यातच "येण्यासाठी आपल्याला कोणती सोय लागेल ते कळवावे" अशी एक ओळ लिहून खाली संपर्क क्रमांक द्यावा. कर्णबधिर व्यक्तींना फोन करणे शक्य नसते, त्यामुळे त्या क्रमांकावर संदेश पाठवता येतो हेही स्पष्ट लिहावे.

रॅम्प आहे, पण चढता येत नाही

सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथे. "आमच्याकडे रॅम्प आहे" असे सांगणाऱ्या कित्येक इमारतींमधला रॅम्प सामानाच्या हातगाड्यांसाठी बांधलेला असतो. व्हीलचेअरसाठी मान्य असलेला उतार १ : १२ आहे, म्हणजे एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. प्रवेशद्वाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची दीड फूट होते आणि रॅम्पची लांबी अठरा फूट असायला हवी. तेथे पाच फुटांची लोखंडी पट्टी टाकली तर खुर्ची मागे कलंडण्याचा धोका असतो, आणि खुर्चीतल्या माणसाला चार जणांनी उचलून न्यावे लागते. उचलताना आपल्या वजनाची चर्चा चारचौघांत झालेली कोणाला आवडेल? जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून रॅम्प वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा असावा आणि वर दारापाशी खुर्ची थांबवून वळवता येईल एवढी सपाट जागा सोडावी. गुळगुळीत लादी मात्र कदापि बसवू नये, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात तिच्यावरून कुबड्या घेऊन चालणारे तर घसरतातच, पण धडधाकट माणसेही घसरतात. हे सर्व नीट केल्यावरही रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर उभ्या राहणार असतील तर खर्च व्यर्थ आहे. तेथे वाहने लागणार नाहीत, ही जबाबदारी सुरक्षारक्षकाला लेखी द्यावी.

व्यासपीठाचाही विचार याच वेळी करावा. सभागृह तळमजल्यावर आहे, पण व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत, अशा ठिकाणी दिव्यांग पाहुण्याचा सत्कार खाली आणि इतरांचा वर होतो.

सत्कार होतो, संवाद होत नाही

शाल, श्रीफळ आणि "यांच्याकडून आपण प्रेरणा घ्यावी" असे भाषण, एवढ्यावर कार्यक्रम संपवू नये. दिव्यांग रहिवाशाकडे माइक द्यावा आणि लिफ्ट, पदपथ, रिक्षाथांबा यांविषयीच्या त्याच्या तक्रारी इतिवृत्तात नोंदवाव्यात. त्याच्याशी बोलताना सोबतच्या नातेवाइकाला "यांना चहा चालेल का?" असे विचारण्याची सवय सोडावी, प्रश्न थेट त्यालाच विचारावा. सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावला असेल तर त्याला वक्त्याशेजारी, उजेडात उभे करावे. चित्रफीत दाखवताना सभागृहातले दिवे मालवले की दुभाष्याचे हातच दिसेनासे होतात.

दिसत नाही ते विसरले जाते

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते; दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार, स्वमग्नता (ऑटिझम), मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) यांचा समावेश आहे. यांपैकी बरेच काही बाहेरून दिसत नाही. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट दिसणाऱ्या प्रवाशावर लोक ओरडतात, तेव्हा त्या डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे हे ओरडणाऱ्याच्या गावीही नसते. जनजागृतीच्या फलकावर केवळ व्हीलचेअरचे चित्र काढून हे लोकांना कळणार नाही.

गणेशोत्सवात याचा विचार सर्वांत कमी होतो. स्वमग्न मुलाला ढोल-ताशांचा दणदणाट असह्य होऊ शकतो, आणि मग ते कुटुंब दहा दिवस मंडपाकडे फिरकतच नाही. रोज एक तास ध्वनिक्षेपक बंद ठेवून ती वेळ आधीच जाहीर केली, तर त्यांनाही दर्शनाला येता येईल. त्यासाठी मंडळाला एक रुपयाही खर्च येत नाही.

कार्यक्रमानंतर काहीच होत नाही

ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) नाही, अशा रहिवाशांना अर्ज भरून देण्यासाठी कार्यक्रमातच एक टेबल मांडावे. अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते, हेही तेथेच समजावून सांगावे. पालकांना पुढचे मार्गदर्शन हवे असेल तर नवी मुंबईत महापालिकेचे वाशी येथील ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आणि बौद्धिक दिव्यांगत्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे खारघर येथील विभागीय केंद्र आहे, ही माहिती कागदावर लिहून द्यावी.

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवणे अपेक्षित आहे. त्यामुळे इतिवृत्तात नोंदवलेल्या तक्रारींपैकी ज्या पदपथाच्या किंवा उद्यानाच्या असतील, त्या छायाचित्रांसह महापालिकेच्या समाजविकास विभागाकडे आणि संबंधित प्रभाग कार्यालयाकडे लेखी द्याव्यात, अर्जावर दिव्यांग रहिवाशांच्याही सह्या घ्याव्यात आणि पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.