जावास्क्रिप्ट चालत नाही? या चुका टाळा

उन्हाळ्यात गावातले पाच-सहा पोट्टे माझ्याकडे वेबपेज बनवायला शिकतात. उदाहरण ठरलेलं, कापसाचा चुकारा. क्विंटल टाका, भाव टाका, बटन दाबा, हिशेब करायचं काम जावास्क्रिप्ट या भाषेचं. रक्कम काही दिसत नाही. मग सुरू होतं, "काहून नाही चालून राह्यलं, सर?"

कोड खोडण्याआधी एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी, उघडा. तिथली लाल ओळ वाचायचा सगळ्यांनाच कंटाळा, पण निम्मं उत्तर तिथेच असतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड, पानाच्या वरच्या, न दिसणाऱ्या 'हेड' भागात टाकणं. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. तुमचा कोड बटन शोधायला निघतो तेव्हा बटन पानावर आलेलंच नसतं. नवरदेव मांडवात यायच्या आधीच अक्षता टाकल्यासारखं! शोधून हाती येतं 'नल', म्हणजे काहीच नाही, आणि तीच एरर कन्सोलमध्ये दिसते. स्क्रिप्ट टॅग (कोड पानात जोडणारी खूण) बॉडी, म्हणजे पानाचा दिसणारा भाग, बंद होण्याच्या अगदी वर ठेवा. हेडमध्येच हवा असेल तर टॅगमध्ये 'डिफर' (पान वाचून झाल्यावर कोड चालव) लिहा, पण डिफर फक्त एसआरसीने, म्हणजे फाइलचा पत्ता देऊन, जोडलेल्या वेगळ्या फाइलला लागू होतो. आणि ज्या टॅगला एसआरसी आहे त्याच्या पोटात कोड लिहू नका. ब्राउझर तो सोडून देतो, तक्रारही करत नाही.

बंद करणारा स्क्रिप्ट टॅग विसरलात, तर पुढचं सगळं पान गायब.

नोटपॅडचा घोळ वेगळाच. फाइल जेएस नावाने सेव्ह केली असं वाटतं, पण मागे टीएक्सटीचं शेपूट लागतं आणि विंडोज ते लपवतं. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा. वर्डमध्ये कोड टाइप करूच नका. तिथली वाकडी अवतरणचिन्हं जावास्क्रिप्टला समजत नाहीत.

आता बेरीज. एका बंडीत ५ क्विंटल, दुसरीत ७, आणि पानावर ५७! चौकटीतून येतो तो मजकूर, आकडा नव्हे. अधिक चिन्ह त्यांना नुसतं चिकटवतं. गुणाकार मात्र बरोबर येतो, म्हणून ही चूक उशिरा सापडते. आधी मजकुराचा आकडा करणाऱ्या 'नंबर'मधून काढून घ्या. पण मजकुराच्या चौकटीत मराठी कीबोर्डवरून आकडे दिले, तर 'नंबर'ही हात टेकतो आणि एनएएन, म्हणजे 'हा आकडा नाही', दाखवतो.

घरच्या विंडोजवर चालणारं पान सर्व्हरवर चढवल्यावर बंद पडलं, तर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं तपासा. विंडोजला त्याचं काही नसतं, बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्सला असतं.