निसर्गचित्राची नक्कल करून शिकताना या चुका टाळा

जाणत्या चित्रकाराचे चित्र समोर ठेवून जलरंगातील निसर्गचित्रण शिकण्याची पद्धत जुनी आणि उपयुक्त आहे. मात्र चित्र हुबेहूब उतरले की शिकणे झाले, हा समज तिच्या मुळावर येतो. मूळ चित्रकाराने काय गाळले, कोणता रंग आधी लावला आणि कोरा कागद कुठे राखला, हे शोधून काढणे हेच नकलेचे खरे काम आहे.

पहिली चूक चित्राच्या निवडीतच होते. झाडे, माणसे आणि प्रतिबिंबे यांनी गच्च भरलेले चित्र नवशिक्याला तपशिलांत गुंतवून ठेवते. त्यापेक्षा ब्रिटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्या वेरूळ येथील रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या दुसऱ्या ब्रिटिश चित्रकाराने तयार करून १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेली अ‍ॅक्वाटिंट मुद्राचित्रे अभ्यासाला घ्यावीत. अ‍ॅक्वाटिंट या धातूच्या पत्र्यावरून छापण्याच्या पद्धतीत छटा टप्प्याटप्प्याने गडद करत नेल्या जातात, त्यामुळे कातळावरचा उजेड कुठे संपतो आणि सावली किती पायऱ्यांनी गडद होते, हे तेथे स्पष्ट दिसते. शिवाय ही चित्रेही दुसऱ्याच्या रेखाटनांवरूनच घडलेली आहेत.

कागदाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण मूळ चित्राशी जुळते का, हे आधी पाहावे. ते जुळत नसेल, तर चौकटी आखूनही डोंगर ताणलेलाच दिसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उजेड-सावलीचा विचार न करता थेट रंगाला हात घालणे. रंग जुळूनही चित्र सपाट वाटत असेल, तर मूळ चित्राचा आणि नकलेचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवावेत; बहुतेक वेळा गडद भाग पुरेसे गडद झालेले नसतात. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे विसरल्याचा तो परिणाम असतो. उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे: रंगीत नकलेआधी तेच चित्र केवळ बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने, तीन-चार छटांत रंगवावे.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक अडचण येते. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्ध्यावर असतानाच वरची कड वाळते आणि आडवी रेघ उमटते (कूलरचा झोत अंगावर घेत बसल्यास तर हमखास). अशा वेळी अर्धवट वाळलेल्या भागावर पुन्हा ओला ब्रश फिरवू नये, कारण त्यातून फुलकोबीसारखे डाग पडतात. काम सकाळी करावे, कागद आधी दोनदा भिजवावा, रंग भरपूर कालवून ठेवावा आणि मोठा ब्रश वापरावा.

नकलेतून उचललेली रंगांची यादी पुढे आपल्या परिसरावर लादणे, ही चूक उशिरा लक्षात येते. इंग्लंडच्या कुरणांचा ओला हिरवा रंग दौलताबादच्या उन्हाळी डोंगरावर बसत नाही. तेथील वाळलेल्या गवतासाठी यलो ऑकर (मातकट पिवळा) वापरावा आणि बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, करड्या सावलीसाठी अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून पाहावा.

नकलेच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव लिहावे. भारतात चित्रावरील कॉपीराइट सामान्यतः चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे अलीकडच्या चित्राची नक्कल सरावाच्या वहीतच ठेवावी, ती विक्रीला किंवा स्पर्धेला पाठवू नये.