वॉशिंग मशीनचं दार अडलंय? लॉक बदलण्याआधी हे तपासा

फ्रंट लोड मशीनचं दार उघडेनासं झालं की घरातलं कुणीतरी हँडल जोर लावून ओढतं आणि कुणीतरी मेकॅनिकला फोन करून "लॉक गेलंय" असं सांगून टाकतं. ओढाताणीत हँडलच्या आतला प्लॅस्टिकचा आकडा तुटतो, म्हणजे एकाची दोन कामं होतात. आणि फोनवर आपणच निदान सांगितलं असेल, तर येणारा माणूस लॉक घेऊनच येतो. पुष्कळदा लॉक धडधाकट असतं. मशीनमध्ये पाणी आहे किंवा मशीनला तसं वाटतंय, म्हणून ते दार सोडत नसतं.

आधी लॉक कसं चालतं ते पाहू, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे.

दाराच्या कडेला, बहुतेक मशीनमध्ये उजव्या बाजूला, एक आकडा असतो. तो मशीनच्या अंगावरच्या खाचेत जातो. त्या खाचेमागे प्लॅस्टिकची छोटी डबी असते, तेच लॉक. जुन्या आणि साध्या मशीनमध्ये या डबीत पीटीसी नावाची गरम होणारी गोळी आणि तिला टेकून दोन धातूंची पट्टी असते, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये असते तशीच. स्टार्ट दाबलं की गोळी तापते, पट्टी वाकते, एक खिटी सरकून आकडा अडकतो आणि त्याच वेळी आतला संपर्क जुळतो. दार लागल्याचं बोर्डाला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, कळतं ते या संपर्कातून, आणि त्यानंतरच मोटर व पाण्याचे व्हॉल्व्ह चालू होतात. याला साधारण २ ते ५ सेकंद लागतात. धुणं संपल्यावर गोळीचा पुरवठा बंद होतो, पण ती थंड होऊन पट्टी सरळ व्हायला १ ते २ मिनिटं जातात. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे, ड्रम फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत कुणी आत हात घालू नये म्हणून.

दुसरा प्रकार कॉइलचा, म्हणजे वीज मिळाली की चुंबक होणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा. त्यात बोर्ड एक क्षणभर झटका देतो, स्पष्ट "टक" असा आवाज येतो आणि दार लागतं. उघडताना पुन्हा "टक". यात थंड होण्याची वाट नसते, पण धुणं चालू असताना वीज गेली तर दार सहसा लागलेलंच राहतं. वीज परत येऊन बोर्डाने सोडण्याचा झटका दिला की मगच ते सुटतं. लोडशेडिंगच्या भागात हा फरक माहीत असलेला बरा.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे कानांनी कळतं. स्टार्ट दाबल्यावर लगेच ठसठशीत टक आला तर कॉइल, दोन-चार सेकंदांनी मंद आवाज आला तर पीटीसी.

दार उघडत नसेल तर

पहिलं काम, भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढा. मशीनच्या पॅनेलवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. मग पाच मिनिटं काहीही करू नका. तोवर काचेतून आत पाहा. पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर दिसत असेल तर दार उघडणं सोडा, आधी पाणी काढा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर काचेला हात लावून पाहा आणि ती चांगली निवेपर्यंत थांबा. पाणी फार गरम असताना बहुतेक मशीन दार सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पाच मिनिटांनी हँडल नेहमीच्याच ताकदीने ओढा. दार उघडलं, तर मोठी बातमी कळली. पीटीसीचं लॉक, आकडा आणि हँडल तिन्ही ठीक आहेत. म्हणजे मशीन चालू असताना कुणीतरी लॉकचा वीजपुरवठा बंद करत नव्हतं. ते कोण, हे शोधायचं.

संशय आधी पाण्यावर घ्या. मशीनच्या खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. बऱ्याच मशीनमध्ये फिल्टरशेजारी बारीक रबरी नळी असते. तिचं बूच काढून पाणी परातीत घ्या, परात भरली की बूच लावा, ओतून या, पुन्हा सुरू करा. नळी नसेल तर फिल्टर अर्धा फेराच सैल करा आणि पाणी झिरपू द्या. एकदम काढलात तर सगळं पाणी पायांवर येईल. फिल्टरमध्ये नाणी, हेअरपिना, बाळाचा मोजा, सुटलेली बटणं आणि केसांचा गुंता निघतो. तो साफ करून आतल्या पंपाचा पंखा बोटाने किंवा काडीने हलवून पाहा. तो थोडा अडत अडत, टप्प्याटप्प्याने फिरतो. तसं वाटलं तर घाबरू नका, आत चुंबक असल्यामुळे ते होतं.

मग पाणी जाणारा पाइप. बाल्कनीत किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात मशीन भिंतीला सरकवताना हा पाइप मागे दुमडला जातो, आणि काही महिने कुणाच्या लक्षातच येत नाही. मशीन पुढे ओढून तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ड्रम रिकामा आहे, पंप तरीही घरघरत राहतो आणि दार उघडत नाही, असं असेल तर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर चुकतोय. ड्रमखालच्या एका कप्प्यातून बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून सेन्सर पातळी ओळखतो. साबणाचा आणि बोअरच्या जड पाण्याचा चिकट गाळ या नळीच्या खालच्या तोंडाशी बसला, की हवा आत कोंडून राहते. पाणी गेलेलं असतं, पण सेन्सरच्या लेखी ते अजून आहे. प्लग काढून वरचं झाकण उघडा (सहसा मागचे दोन स्क्रू काढून झाकण मागे सरकवलं की निघतं), नळी सेन्सरपासून सोडवा आणि नळीत खालच्या दिशेने हळू फुंका. बुडबुड असा आवाज येऊन ती मोकळी झाल्याचं कळतं. सेन्सरमध्ये मात्र फुंकू नका, त्यातला पडदा नाजूक असतो. हाताने धुण्याची भरपूर फेस होणारी पावडर फ्रंट लोडमध्ये वापरत असाल तर हा त्रास पुन्हा होणार, हे धरून चाला.

पाणी नाही, नळी साफ आहे, मशीन चालू असताना दार कधीच सुटत नाही आणि प्लग काढल्यावर दर वेळी दोन मिनिटांत सुटतं, असा पीटीसीच्या मशीनचा नेम झाला असेल तर बोर्डावर लॉकला वीज सोडणारा स्विच (ट्रायॅक किंवा रिले) चालू स्थितीतच चिकटलेला आहे. लॉक बदलून इथे काहीच होणार नाही. या एका तपासणीने नव्या लॉकचे पैसे वाचतात.

आता उरली ती मशीन, जिचं दार पाच मिनिटांनीही हलत नाही. कॉइलचं लॉक असेल तर आधी वीज जोडून नुसता स्पिन किंवा ड्रेन प्रोग्रॅम लावा आणि तो पूर्ण होऊ द्या. शेवटी टक आला तर काम झालं. नाहीतर फिल्टरच्या झाकणामागे पाहा, काही मशीनमध्ये तिथे आणीबाणीत दार सोडण्यासाठी ओढायची छोटी पट्टी किंवा कडी असते. ती प्लग काढून, पाणी काढून, मगच ओढायची. तुमच्या मशीनला ती आहे का, हे सोबत आलेल्या पुस्तिकेत असतं.

पट्टी नसेल तर हँडलकडे लक्ष द्या. ओढल्यावर हाताला स्प्रिंगचा नेहमीचा विरोध लागतोय का? हँडल लुळं, सैल वाटत असेल तर आकडा हलवणारा आतला भाग तुटलाय. लॉकने दार सोडलेलं असतं, आकडाच मागे होत नाही. अशा वेळी बारीक पण मजबूत नायलॉनची दोरी दाराच्या फटीत आकड्याच्या बाजूने सरकवायची आणि दोन्ही टोकं बिजागरीच्या दिशेला ओढायची. दोरी आकड्यावर दाबली गेली की तो मागे सरतो आणि दार सुटतं. परकराची नाडी जाड पडते, ती फटीत शिरत नाही. दोरीनेही जमलं नाही तर वरचं झाकण काढून, मशीन थोडं मागे कलवून, पुढचा पत्रा आणि ड्रम यांच्यामधून हात घालून लॉकची खिटी मागून बोटाने सरकवता येते. याला दोन माणसं हवीत. आत काँक्रीटचं किंवा ओतीव लोखंडाचं वजन असतं, मशीन जड असतं, एकट्याने कलवू नका.

दार लागतच नसेल तर

इथे कारणं बहुतेक साधी असतात आणि डोळ्यांना दिसतात. दाराभोवतीच्या रबरात ओढणीचं टोक किंवा रुमाल अडकलेला असतो. मशीन इतकं ठासून भरलेलं असतं की कपडेच दार बाहेर ढकलतात. खाचेत साबणाचा थर आणि धाग्यांचा गुंता साचतो, तो जुन्या टूथब्रशने निघतो. तेल-ग्रीस मात्र तिथे घालू नका, धूळ धरून पुन्हा गच्च होतं.

मग दार अर्धं उघडून त्याचं टोक हलकेच वर उचलून पाहा. खाली-वर खेळत असेल तर बिजागरी सैल झाली आहे आणि आकडा खाचेच्या थोडा खाली उतरतोय. दारावर हात टेकून उठायची, किंवा ओले कपडे दारावर ठेवायची सवय असलेल्या घरांत हे होतं. बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. लॉक लागण्यासाठी गुडघ्याने दार दाबावं लागत असेल, तर ते जवळजवळ नक्कीच बिजागरीचं किंवा आकड्याचं दुखणं आहे.

हे सगळं ठीक असेल तर दार लावून स्टार्ट दाबा आणि ऐका.

लॉकचा आवाज आला, तरी मशीन सुरू न होता काही सेकंदांनी दाराची चूक दाखवतं? मग लॉक लागतंय, पण त्याची खबर बोर्डापर्यंत पोचत नाही. आतला संपर्क जळालाय किंवा वायर तुटली आहे.

आवाजच आला नाही? मग पीटीसी किंवा कॉइल गेली आहे, किंवा तिथवर वीजच येत नाही. जोडणीचं टोक निसटलंय का पाहा, आणि उंदीर विसरू नका. तळ उघडा असलेल्या मशीनमध्ये उंदीर सहज शिरतो आणि वायरी कुरतडतो. तळमजल्यावरच्या घरांत किंवा बाल्कनीतल्या मशीनमध्ये मी बोर्डाच्या आधी वायरी पाहायला सांगेन.

पडद्यावरचं अक्षरही मदत करतं. एलजीवर 'डीई', सॅमसंगवर 'डीई' किंवा 'डीसी', बॉशवर 'ई१६' किंवा 'एफ१६' म्हणजे दाराची तक्रार. एलजीचं 'ओई' किंवा बॉशचं 'ई१८' मात्र पाणी जात नसल्याचं सांगतं, तेव्हा दार सोडून फिल्टरकडे वळा. एलजीवर 'सीएल' दिसलं तर तो फक्त चाइल्ड लॉक, ठरलेलं बटण काही सेकंद दाबून धरलं की जातो.

लॉक काढून तपासायचं असेल तर

प्लग काढलेला असलाच पाहिजे. लॉकमध्ये थेट २३० व्होल्ट येतात, म्हणून वीज चालू ठेवून मोजण्याचं काम घरी करू नये. दाराच्या रबराच्या बाहेरच्या कडेला तारेची गोल कडी असते, तिला बहुतेक खालच्या बाजूला छोटी स्प्रिंग असते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती उचलून कडी काढा आणि रबर फक्त लॉकच्या बाजूला सोडवा, पूर्ण काढायची गरज नाही. लॉकचे पुढून दिसणारे दोन-तीन स्क्रू काढताना मागून हाताने डबी धरा, नाहीतर ती वायरींवर लोंबकळते. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

मल्टिमीटरने पीटीसीच्या दोन टोकांमध्ये थंड असताना साधारण काही शे ते हजार-दीड हजार ओहम येतात. कॉइलचं माप त्याहून बरंच कमी असतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर लॉक गेलं. उलट, लॉक थंड आणि उघडं असतानाही संपर्काची दोन टोकं जुळलेली दिसत असतील तर संपर्क वितळून चिकटलाय, तेही बदलायचंच. कोणतं टोक कशाचं हे मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे डबीवर कोरलेली अक्षरं पाहूनच मोजा.

नवं लॉक घेताना मशीनचं नाव सांगून भागत नाही. जुन्या लॉकवरचा भाग क्रमांक आणि दाराच्या आतल्या कडेवरच्या स्टिकरचा मॉडेल क्रमांक, दोन्हींचा फोटो दुकानदाराला दाखवा. दिसायला अगदी सारख्या डब्यांची टोकं वेगळ्या क्रमाने असू शकतात आणि चुकीची बसवली तर बोर्ड जातो. रबर परत बसवण्याआधी प्लग लावून, ओल्या जागेपासून लांब उभं राहून, एकदा रिकामा स्पिन चालवा. लागतं आणि वेळेत सुटतं हे दिसलं की प्लग काढून मगच कडी चढवा. कडी चढवताना रबर पूर्ण गोल बसलंय हे बोटाने फिरवून पाहा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पाणी जमिनीवर येईल.

एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका. नवं लॉक मिळत नसलं की काही मेकॅनिक वायरी जोडून "डायरेक्ट" करून देतात, म्हणजे दार लागलं नसलं तरी मशीनला ते लागलंय असं वाटतं. स्पिनमध्ये हा ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. घरात लहान मूल असो वा नसो, असं मशीन वापरण्यापेक्षा आठवडाभर बादलीत कपडे धुतलेले चालतील.

आणि बोर्ड बदलायला सांगितला गेला, तर आधी एवढंच विचारा, प्लग काढल्यावर दार सुटतं का हे पाहिलंत का, आणि सेन्सरची नळी उघडून पाहिली का. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकणाला हात न लावता हेच दोन प्रश्न कंपनीच्या माणसाला विचारा.