जुना ओटा, जुनी दारं आणि नवं स्वयंपाकघर

मॉड्यूलर किचनवाला घरी येतो, टेप लावून इकडून तिकडून माप घेतो आणि पाच मिनिटांत सांगतो की हे सगळं तोडावं लागेल. आमच्या इंदूरच्या जुन्या घरीही तेच झालं, कोटा स्टोनचा ओटा आता चालत नाही म्हणे, काढा आणि क्वार्ट्झ लावा. सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून हा ओटा आहे, आणि ह्याचं ते भुशाचं कपाट मोरीच्या ओलीत किती वर्षं राहणार आहे, ते विचार त्याला." आम्ही तो माणूस परत पाठवला आणि जे घरात होतं त्यातूनच स्वयंपाकघर नवं केलं. आता येणारे जाणारे सगळे विचारतात कसं केलंत, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक आठवडा काहीही तोडू नका, खरंच. हातात खडू घ्या आणि एकेक वस्तू बघत फिरा, जी आहे तिथेच राहणार तिच्यावर गोल, जी काढून दुसरीकडे लावायची तिच्यावर बाण, जी जाणार तिच्यावर फुली. टाइल नाण्याने वाजवून बघायची, घट्ट आवाज आला तर ती नीट बसलेली आहे, पोकळ टकटक आली तर आतून सुटलेली आहे. लाकडात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबायचं, रुतलं तर ते सडलंय किंवा दीमक लागलीय, त्याचा मोह धरायचा नाही. आमच्याकडे फुल्या वाटल्या होत्या त्याच्या अर्ध्याच निघाल्या.

आता ओटा, ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. कोटा स्टोन राजस्थानातल्या कोट्याकडून, रामगंज मंडीच्या भागातून येतो, आणि तो मुळात चुनखडीचा दगड आहे. मजबूत आहे, तापलेलं पातेलं थेट ठेवलं तरी त्याला सहसा काही होत नाही, पण आंबट त्याला सोसत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं की तिथली चकाकी जाते आणि पांढुरका डाग दिसायला लागतो. आणि आपण इंदूरवाले, रोज सकाळी पोह्यांवर लिंबू पिळणार! म्हणून आमच्या ओट्यावर लिंबू चिरायला वेगळी फळी आहे आणि रस सांडला की लगेच ओल्या फडक्याने पुसायचा, एवढा एकच नियम. संडास साफ करायचं ॲसिड तर ह्या दगडाच्या जवळपाससुद्धा आणू नका. आमच्याकडे आलेल्या एका कारागिराने सिमेंटचे डाग काढायला न विचारता ॲसिड ओतलं आणि दोन हात जागा फेसाळून पांढरी पडली, तेवढा भाग पुन्हा घासावा लागला, मला रडू आलं होतं तेव्हा. तर कामाला माणूस लावताना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा.

दगड निस्तेज झाला म्हणजे तो गेला असं नाही, वरचा थर घासला की खालून तोच हिरवट निळसर रंग परत येतो. फरशी पॉलिश करणाऱ्याला बोलवा, ओट्यासाठी त्याच्याकडे हाताचं छोटं मशीन असतं. आधी 60 नंबरचा घासायचा दगड, मग 120, 220, 400 असं बारीक होत जायचं, पाणी मारत मारत, आणि मधला नंबर गाळू द्यायचा नाही कारण आधीचे ओरखडे नंतर दिसतात. राखाडी चिखल भिंतीभर उडतो म्हणून हे काम रंगाच्या आधी. पूर्ण वाळल्यावर दगडाचा सीलर मारा, म्हणजे तेल हळद आत मुरत नाही.

आमच्या ओट्याची खरी अडचण उंचीची होती. जुने ओटे 29-30 इंचांचे असायचे, आता उभं राहून वाकून काम केलं की कंबर धरते. आपलं माप काढायची सोपी रीत म्हणजे कोपर वाकवून उभं राहायचं आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यायला हवा, बहुतेक बायकांना तो 32 ते 34 इंच बसतो. त्यासाठी दगड तोडायची गरज नाही. भिंतीकडचा सांधा ग्राइंडरने मोकळा करा, खालून लाकडी पाचरी हळूहळू ठोका, लोखंडी पहार नको, आणि चार जणांनी मिळून लादी उचला. उचलली की उभी धरून न्यायची आणि उभीच टेकवून ठेवायची, आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने मधून तडकते, त्यातही सिंकच्या भोकाजवळची अरुंद पट्टी सगळ्यात नाजूक. मग खाली विटेचा एक थर चढवायचा, वीट आणि मसाला मिळून साधारण साडेतीन इंच होतात, आणि तीच लादी परत वर. नळाची आणि सिंकची उंचीही तेवढीच बदलते हे प्लंबरला आधी सांगा, आम्ही सांगितलं होतं म्हणून वाचलो.

ओट्याखालच्या कपाटांना दारं हवी होती आणि माळ्यावर जुन्या माजघराची सागवानी दारं उभी होती, थरावर थर ऑइलपेंट चढलेली. सागवान ओळखायचं तर कोपऱ्यात जरा रंधा मारा, सोनेरी तपकिरी रंग निघतो, हाताला किंचित तेलकट लागतं आणि त्याला स्वतःचा एक वास असतो. इथे एक गोष्ट मनावर घ्याच, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. त्यामुळे कोरडा सँडपेपर मारून धूळ उडवायची नाही, पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने खरवडा किंवा ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क, आणि लहान मुलं आणि पोटुशी बाई घरात असेल तर हे काम घराबाहेरच. निघालेला चुरा वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवायचा, झाडांच्या कुंडीत अजिबात नाही.

दारं कापून घेताना दोन पल्ल्यांमध्ये तीन मिलिमीटर फट सोडा. आम्ही रंगपंचमीची गेर (आमच्याकडची रंगांची मिरवणूक) झाल्यावर काम काढलं, तेव्हा लाकूड खडखडीत वाळलेलं असतं, म्हणून सुताराला ती फट जास्त वाटत होती, पण जुलैत पावसाने लाकूड फुगलं तेव्हा पल्ले बरोबर बसले. जुन्या पितळी बिजागऱ्या आणि कड्या फेकू नका, चिंच मिठाने घासल्या की सोन्यासारख्या होतात (दारावर लावायच्या आधी घासा, दगडावर चिंचेचं पाणी नको). पितळी स्क्रू मऊ असतो, थेट पिळला तर मान तुटते, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करा, तो काढा, पितळी स्क्रूला थोडं मेण लावा आणि मग बसवा. लाकडाला शेगडीजवळ स्पिरिटचं लाखेचं पॉलिश नको, गरम आणि ओलं लागलं की पांढरं पडतं, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा.

भिंतीच्या चार इंची पांढऱ्या टाइल्स आम्ही ठेवल्या. ज्या पोकळ वाजल्या त्या काढल्या आणि तिथे माळ्यावर पडून असलेल्या नक्षीदार टाइल्स बसवल्या, सलग शेगडीच्या मागे, उगाच इकडे तिकडे एकेक नाही. बाकीच्यांचा कळकट ग्राउट (टाइल्सच्या सांध्यातला मसाला) दोन तीन मिलिमीटर खरवडून नवीन भरला, खरं सांगते, निम्मा फरक तेवढ्यानेच पडला. स्टीलची मांडणीही आहे तीच, फक्त बफ करून दोन हात सरकवली आणि खाली एलईडीची पट्टी लावली, दिवा समोरून पडला पाहिजे, पाठीमागून पडला तर चिरताना आपलीच सावली विळीवर येते. जाळीच्या कपाटात आता कांदे बटाटे असतात, हवा खेळते म्हणून लवकर मोड येत नाहीत.

आता जुनं काय वापरायचं नाही ते. वायरिंग, गंजलेले लोखंडी पाइप, गॅसची रबरी नळी. ओव्हन आणि गीझरसारख्यांना वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, 16 अँपिअरचा पॉइंट आणि घराला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच), हे इलेक्ट्रिशियनकडूनच. गॅसची नळी म्हणजे स्टीलच्या तारेची जाळी असलेली सुरक्षा होज, तीही पाच वर्षांनी बदलायची, आणि शेगडी कायम सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर. सिंकखालचं फुगलेलं भुशाचं बोर्डही गेलं, तिथे आम्ही दारच लावलं नाही, पितळी बादली आणि उघडी जागा, ओल लगेच दिसते.

स्टायलिश दिसण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून, आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या होत्या, कोटा, सागवान आणि पितळ. चौथं काही नाही. भिंत एकाच फिकट रंगाची. इथल्या भांड्यांच्या कसेरा बाजारात फिरताना हंडे बघून हात शिवशिवतात, पण घरात आजेसासूबाईंचे पितळी डबे होते तेच ओळीने वर मांडले. जुन्या वस्तू खूप असतात तेव्हा त्यातल्या दोन तृतीयांश कपाटात ठेवायची हिंमत करावी लागते, नाहीतर स्वयंपाकघराचं दुकान होतं.

मलब्याचं पण तेव्हाच बघा. शाबूत विटा तर थरालाच लागल्या, फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे गच्चीवर चायना मोझॅकमध्ये बसवले, पांढऱ्या रंगाने ऊन परततं आणि खालची खोली मे महिन्यात कमी तापते. उरलेलं पोत्यांत भरून महापालिकेच्या गाडीला दिलं. ओला सुका कचरा वेगळा करायची सवय आपल्याला आहेच, मलबाही तसाच वेगळा द्यायचा, नाल्यात नाही.

आणि सिंक मोठं करताना लादीतून जो चौकोन कापून निघतो तो मिस्त्रीकडून मागून घ्या. आमचा त्याने तसाच पॉलिश केला, खाली रबराची चार बटणं चिकटवली, आता संक्रांतीला तिळाच्या वड्या आम्ही त्याच्यावर थापतो, तुपाचा हात फिरवला की गार दगडावरून झटकन सुटतात.