जांभळ्या वालाला अजून फूल नाही? वेल उपटू नका

गणपती झाले की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, वेल मांडवभर पसरलाय, पानं तळहाताएवढी झालीत पण फूल नावालाही नाही, काढून टाकू का? नका काढू! मी पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी कोयत्याने तोडला होता, चांगला गच्चीपर्यंत चढलेला वेल, आणि डिसेंबरात शेजारच्या काकूंकडे त्याच बियाण्याच्या वेलाला जांभळ्या शेंगांचे घोस लटकलेले बघितले तेव्हा खूप वाईट वाटलं.

झालंय काय, की आपला गावठी वाल, कुणी पावटा म्हणतं, कुणी वालपापडी, कुणी घेवडाच म्हणतं, तो दिवस लहान व्हायची वाट बघत असतो. 23 सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखे होतात, त्यापुढे रात्र मोठी होत गेली की तुरे निघायला लागतात, बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मृगावर लावलेला असो नाहीतर श्रावणात, फुलायची वेळ जवळपास तीच. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का जय, अर्का विजय या बुटक्या जाती कधीही फुलतात, पण त्यांच्या शेंगा हिरव्या. आणि हो, वेल रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर चालू असलेल्या बाल्कनीच्या लाइटखाली असेल तर त्याला रात्र लहानच वाटते आणि फूल आणखी लांबतं, तेव्हा निदान आपला लाइट तरी रात्री बंद ठेवा.

मग आत्ता करायचं काय, तर आधी युरिया आणि ताजं शेणखत बंद. वालाच्या मुळांवर गाठी असतात, नत्र तो हवेतून स्वतःच घेतो, वरून आपण घातलं की नुसता पाला माजतो. मूठभर लाकडाची राख बुंध्यापासून वीतभर लांब मातीत मिसळा, पुरे. फार लांब गेलेले शेंडे खुडा म्हणजे बगलफांद्या फुटतात, तुरे त्यांच्यावर येतात. पाऊस थांबला की पाणी नियमित द्या, फुलं आल्यावर माती पार कोरडी पडली तर फुलं गळतात.

ज्यांनी अजून लावलाच नाही त्यांनी उलट आत्ताच लावा, कुंडीवाल्यांना तर हीच वेळ बरी, कारण उशिरा लावलेला वेल फार न वाढता लहानपणीच फुलावर येतो. वीसेक लिटरची बादली घ्या, खाली भोकं पाडलेली, बी रात्रभर भिजवून इंचभर खोल दोन ठिकाणी टोचा आणि पुढे जोमदार रोप एकच ठेवा. ऊन मात्र दिवसभराचं हवं, सावलीत याची शेंग धरत नाही.

थंडी पडताना ढगाळ हवा आली की मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आलाच समजा. काळा, कोवळ्या शेंड्यांवर आणि तुऱ्याच्या दांड्यावर गच्च चिकटलेला, आणि वेलावर मुंग्यांची रांग. मुंग्या दिसल्या की लगेच शेंडा उलटा करून बघा. सुरुवातीला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी भागतं, नाही भागलं तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी, कारण सकाळी फुलांवर मधमाश्या आणि भुंगे असतात. ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तर फवारूच नका, ते मावाच खातात. खोडावर मसूराएवढे हिरवट गोल किडे झुंडीने बसलेले असतील, हात लावला की घाण वास येतो, तर खाली साबणपाण्याचं भांडं धरून फांदी झटका.

शेंगा तोडताना मी नेहमी सांगते, अख्खा तुरा ओढू नका! तुरा खालून वर फुलत जातो, खाली शेंग तयार असते तेव्हा शेंड्याला फूल असतं, म्हणून नखाने एकेक शेंग खुडायची. जांभळी शेंग हिरव्या पाल्यात लांबून दिसते, त्यामुळे जून होऊन राहत नाही, मला तर हा वेल त्यासाठीच आवडतो. बी फुगायच्या आत काढली तर शिरा कमी निघतात. भाजी हिरवी झाली म्हणून घाबरू नका, तो जांभळा रंग पाण्यात उतरतो आणि आचेने जातो, चवीत काही फरक नाही.

बियाण्यासाठी सगळ्यात चांगल्या तुऱ्यावरच्या चार-पाच शेंगा वेलावरच वाळू द्या, खुळखुळ वाजल्या की काढा. एवढं लक्षात ठेवा, वाळलेला वाल कच्चा खायचा नाही, विशेषतः शोभेचं म्हणून आणलेलं बियाणं असेल तर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आपण बिरड्याला भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि शिजवतो तसंच करायचं, आणि भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं.