हातानं घडवलेल्या धनुष्याचं शेवटचं काम: घासणी, तेल आणि वॉर्निश

टिलरिंग, म्हणजे लाकूड तासून धनुष्याचा वाक जुळवणं झालं, मुठीच्या दोन्ही बाजूंच्या भुजा सारख्या वाकायला लागल्या, की लगेच तेलाची बाटली उघडू नका. आधी त्या धनुष्यानं शंभर-दीडशे बाण सोडा. नवं लाकूड सुरुवातीला थोडं बसतं आणि कधीकधी एक भुजा दुसरीपेक्षा मऊ पडते. उघड्या लाकडावर ही दुरुस्ती चार हात स्क्रेपर (लाकूड खरवडायची पोलादी पट्टी) फिरवला की होते. वॉर्निश चढल्यावर सगळा थर खरवडावा लागतो. ताकदीचाही, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणाऱ्या जोराचाही, हिशेब आत्ताच करा. घासणीत 1 ते 3 पाउंड सहज जातात, म्हणून 40 पाउंडांचं धनुष्य हवं असेल तर घासणी सुरू करताना ते 42-43 वर असू द्या.

लेप, म्हणजे तेल किंवा वॉर्निश, चमकेसाठी नसतो, तो ओलाव्यासाठी असतो. लाकडात साधारण 8 ते 10 टक्के ओलावा असताना धनुष्य नीट चालतं. त्याहून जास्त झाला तर ते मंद होतं आणि कायमचा बाक धरतं. फार कमी झाला तर ठिसूळ होऊन मोडतं. कुठलाही लेप ओलाव्याला पूर्ण अडवत नाही, फक्त त्याची ये-जा संथ करतो. म्हणूनच ओलं लाकूड लेपाखाली बंद करणं हे सगळ्यात वाईट. शंका असेल तर धनुष्य दर दोन-तीन दिवसांनी वजनकाट्यावर ठेवा. वजन घटायचं थांबलं की ते भोवतालच्या हवेइतकं सुकलं असं समजा.

घासणीत कंटाळा करू नका, लेपाचं निम्मं यश इथेच ठरतं. कानशीचे ओरखडे आधी स्क्रेपरनं काढा, मग 80, 120, 180 आणि 220 नंबरचा सँडपेपर क्रमानं वापरा. मधला नंबर गाळला तर जाड ओरखडे तसेच राहतात आणि तेल लागताच उठून दिसतात. हात कायम भुजेच्या लांबीत चालवा. पाठीवर, म्हणजे बाणाच्या लक्ष्याकडच्या बाजूवर, पूर्ण ताण येतो. तिथला आडवा ओरखडा म्हणजे चीर सुरू व्हायची जागा. पाठीवर एकच वर्षवलय (लाकडाच्या एका वर्षाच्या वाढीचा थर) अखंड ठेवलं असेल तर तिथे फक्त बारीक कागद, तोही हलक्या हातानं. पाठीच्या दोन्ही कडा बोटाला टोचणार नाहीत इतक्या गोल करा. ढलपी बहुधा तिथूनच सुटते. तपासायला खोलीत अंधार करून भुजेला समांतर टॉर्च धरा. समोरच्या उजेडात गुळगुळीत वाटलेली भुजा आडव्या उजेडात खाचखळग्यांसकट दिसते.

मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं लाकूड पुसा. सुकल्यावर त्यावर बारीक लव उभी राहिलेली हाताला लागेल. ती 320 नंबरनं हळूच काढा. धूळ पुसून पुन्हा टिलर आणि ताकद तपासा, आणि दोरी उतरवून ठेवा. पुढचं सगळं काम दोरी न चढवलेल्या धनुष्यावर करायचं.

तेल लावायला सोपं, दुरुस्तीला सोपं, पण ओलाव्यापुढे सगळ्यात कमजोर. कच्चं जवसाचं तेल सुकायला आठवडे घेतं, म्हणून बॉइल्ड लिन्सीड (लवकर सुकणारं केलेलं जवसाचं तेल) किंवा शुद्ध टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) घ्या. फडक्यानं चोळा, 15-20 मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका. पुसलं नाही तर चिकट थर राहतो आणि तो नीट सुकत नाही. दिवसाआड एक असे पाच-सहा हात द्या. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका: सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण सुकवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

बाहेर वापरायच्या धनुष्याला आमची पसंती तेलावर आधारित पॉलियुरेथेन वॉर्निशला. पहिला हात समप्रमाणात मिनरल टर्पेंटाइन घालून पातळ द्या, म्हणजे तो लाकडात मुरतो. नंतरचे तीन हात सुती फडक्यानं पातळच पुसा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेली वेळ पाळा आणि 400 नंबरनं हलकं घासा. जाड थर ओघळतो आणि वाकताना तडकतो. फर्निचरवरचं कडक लॅकर याच कारणासाठी टाळा: त्यातल्या केसासारख्या भेगा आणि पोटाच्या, म्हणजे धनुर्धराकडच्या, बाजूचं लाकूड दबून पडलेल्या आडव्या सुरकुत्या सारख्याच दिसतात, आणि खरा धोका ओळखता येत नाही. चपडा लाखही ओलाव्याची वाफ उत्तम अडवते. 250 मिली स्पिरिटात 30 ग्रॅम, बोळ्यानं सहा-सात पातळ हात. मात्र साचलेल्या पाण्यानं तिच्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून वरून मेण हवंच. मेण नेहमी शेवटी. त्यावर दुसरं काहीही धरत नाही.

टोकांकडे आणि दोरीच्या खाचांकडे खास लक्ष द्या. तिथे लाकडाचे तंतू कापलेले असतात आणि ओलावा तिथूनच वेगानं शिरतो, म्हणून एक-दोन हात जास्त. मुठीवर कातडं चिकटवायचं असेल तर तेवढा भाग कागदी टेपनं झाकून कोरडा ठेवा. तेलकट लाकडावर सरस धरत नाही. पाठीवर प्राण्यांच्या सरसानं कंडरेचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचे) तंतू बसवले असतील तर ओलं फडकं आणि पाण्यातलं वॉर्निश दोन्ही वर्ज्य, कारण पाण्यानं तो सरस सुटतो.

सुकवायला धनुष्य सावलीत, हवेशीर जागी एका टोकानं टांगा. ऊन किंवा हीटर नको. वरचा थर लवकर सुकेल, पण लाकूडही कोरडं पडेल. हाताला सुकं लागलं तरी पॉलियुरेथेनला निदान आठवडा आणि तेलाला दोन ते तीन आठवडे द्या. घाई केली तर दोरी खाचेत चिकटते आणि सोडवताना लेपाचा तुकडा घेऊन निघते. नंतर दोरी चढवून आधी निम्म्या ओढीनं वीस-पंचवीस वेळा वाकवा, पोटावरून बोट फिरवून पाहा, मगच पूर्ण ओढ.